कापूस नसलेल्या मुलखातून कापसाच्या वाटेवर

कोल्हापूर जिल्ह्यात फिरताना ऊस चुकवता येत नाही आणि कापूस शोधून सापडत नाही. पन्हाळ्यावरून खाली बघा किंवा पंचगंगेच्या काठानं शिरोळपर्यंत जा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच. तरीही या जिल्ह्यात सूतगिरण्या आहेत. इचलकरंजीसारखं अख्खं शहर मागांच्या खडखडाटावर जगतं. खुद्द कोल्हापुरात, ऐन वस्तीत, शाहू महाराजांनी काढलेली कापडाची गिरणी बंद का होईना, पण उभी आहे. जिथं कापूस पिकत नाही तिथं कापडाचा एवढा पसारा कसा मांडला गेला, हे बघायला म्हणून मी निघालो.

जानेवारी निवडला, कारण या दिवसांत कापसातली सरकी काढणारी जिनं चालू असतात. वाट मुद्दाम उलटी धरली. कापड होतं तिथून सुरुवात करायची आणि कापूस येतो त्या दिशेनं जायचं: कोल्हापूर, इचलकरंजी, मग निपाणी-संकेश्वरवरून गोकाक आणि शेवटी बैलहोंगल.

कोल्हापुरात ‘शाहू मिल’ एवढं म्हटलं की रिक्षावाल्याला पुढं काही सांगावं लागत नाही. कोटितीर्थ तलावाच्या बाजूला मिलचं आवार आहे, सत्तावीसेक एकरांचं. २७ सप्टेंबर १९०६ ला या ‘शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल’ची मुहूर्तमेढ झाली आणि २००३ च्या सुमाराला ती बंद पडली. इथं राजर्षींचं स्मारक व्हायचं ठरून बरीच वर्षं झाली. मधूनमधून प्रदर्शनं भरतात, भाषणं होतात, मग फाटकाला पुन्हा कुलूप.

समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या बाकड्यावर गांधी टोपीतले एक म्हातारे होते. बराच वेळ माझ्याकडं बघून म्हणाले, “कुठलं पावणं?”

“पुण्याचा.”

“बातमीला आलाय?”

“नाही मामा, कापूस बघायला आलोय.”

“कापूस? हितं?” ते खळखळून हसले. “आता सावरीचा मिळाला तर मिळंल बघा.”

मामा मिलमध्ये गाठी फोडायच्या कामावर होते. दुसरा चहा सांगितल्यावर त्यांनी ते काम हातवारे करून दाखवलं. गाठीला आवळलेल्या लोखंडी पट्ट्या एकेक करून तोडायच्या. पट्टी तोडताना तोंड बाजूला करायचं, कारण दाबलेली रुई मोकळी होताना पट्टी सपकन उडते. “एकाचा गाल हितनं हितवर फाटला हुता,” ते बोटानं रेघ ओढत म्हणाले. पट्ट्या सुटल्या की गाठ फुगत जाते, आणि मग थर सोडवून पुढच्या खात्यात द्यायचे. दिवसभर धूळ. मिशीवर, भुवयांवर, कानात रुईचे तंतू. पाळी सुटली की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. पोटात गेलेला कापूस गुळानं सुटतो, असं सगळे मानायचे. “डॉक्टर म्हनायचा, तसं काय नसतं. पर आमी खायचोच. कोल्लापुरात गुळाला काय तोटा?” सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी व्हायची, हेही त्यांनी सांगितलं, पण जाता जाता. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या विकाराची वैद्यकाच्या पुस्तकातली पहिली खूण नेमकी हीच आहे. सुट्टी संपवून कामावर आलं की त्रास जास्त.

गिरणी १९०६ ची, पण तिची गोष्ट आधी सुरू होते. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. तिच्या कामाचा आरंभ १८८८ मध्ये झाला, तेव्हा शाहू महाराज गादीवर होते, पण कारभार त्यांच्या हाती नव्हता. १८९४ मध्ये त्यांच्या हाती राज्यकारभार आला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ ला, स्टेशनाजवळ शाहूपुरीची पेठ वसली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, गुळाचा बाजार उभा राहिला. गिरणी त्यानंतर अकरा वर्षांनी आली. आधी रूळ, मग पेठ, मग गिरणी. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये स्वदेशीची लाट आली आणि ठिकठिकाणी गिरण्यांचे बेत झाले. त्या वाऱ्याचा फायदा कोल्हापूरच्या गिरणीलाही झाला असणारच. पण नुसत्या लाटेवर गिरणी चालत नाही. तिला वर्षभर रुईच्या गाठी लागतात, त्या घेऊन येणारी वाघीण लागते आणि त्या वाघिणीला दारापर्यंत यायला रूळ लागतात. मिरजेवरून दक्षिणेला जाणारी गाडी बेळगाव, धारवाड, हुबळी या काळ्या रानाच्या, कापसाच्या मुलखात जात होती.

आणखी एक गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. कोल्हापूर संस्थान आजच्या जिल्ह्याच्या नकाशात मावत नव्हतं. रायबाग त्यात होतं, आणि पार रामदुर्गाच्या बाजूचं कटकोळही होतं. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं आणि हे तुकडे बेळगाव जिल्ह्याकडं गेले. म्हणजे कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात दरबारचा स्वतःचा मुलूख होता. कोल्हापूरकरांना कापूस परका वाटावा अशी तेव्हा परिस्थिती नव्हती. उसानं सगळं व्यापलं ते पुढं, कालव्यांनी आणि साखर कारखान्यांनी.

मामांचा निरोप घेताना विचारलं, “मिलमधला कापूस परत कधी बघितला का?”

“रोज बघतोय की,” ते म्हणाले, “म्हशीच्या पुढ्यात.”

ते खरंच आहे. शंभर किलो कापूस वेचून आणला तर त्यातून रुई निघते जेमतेम तेहतीस ते पस्तीस किलो, बाकी बहुतेक सगळी सरकी. तिचं तेल काढलं की राहिलेली पेंड म्हशींना. गंगावेशीत समोर पिळून मिळणारं दूध पिताना त्यात विदर्भाच्या नाहीतर गदगच्या रानाचा वाटा असतो, हे कोल्हापूरच्या पैलवानाला कुणी सांगत नाही.

इचलकरंजीला एस.टी.नं तासभर लागतो. शहरात शिरल्यावर गल्लीगल्लीतून माग ऐकू येतात. इथं बोलणाऱ्यांचे आवाज चढे असतात, घरातसुद्धा, आणि त्याचं कारण विचारावं लागत नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी पाठबळ दिलं. म्हणजे कोल्हापुरात गिरणीचा मुहूर्त व्हायच्या दोन वर्षं आधी कोल्हापूरच्याच या जहागिरीत माग यंत्रावर चालायला लागला होता. पण इचलकरंजीनं सुरुवात केली ती विणण्यापासून. सूत बाहेरून आणायचं आणि कापड विकायचं. सूतगिरण्या सहकाराच्या जमान्यात आल्या. त्यामुळं इथल्या माणसाला सुताचा भाव पाठ असतो, कापसाचा विचारला तर तो गिरणीवाल्याकडं बोट करतो. ‘खर्चीवाला’ म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारा मागवाला. त्याला तर सूतही आपलं नसतं. पिकावर मजुरी, म्हणजे कापडात आडवे धागे किती घातले त्यावर पैसे. सुताच्या बाचक्याला दर चढला की त्याचं पोट आधी आवळतं.

ओळखीतून एका सूतगिरणीत आत जायला मिळालं. मला चाती बघायच्या नव्हत्या, गाठींचं गोदाम बघायचं होतं. तिथले खरेदी बघणारे गृहस्थ निवृत्तीला आलेले. आयुष्यभर रुई चाचपलेल्या माणसाची बोटं कशी असतात ते त्यांच्याकडं बघून कळलं. एका गाठीच्या फाटक्या गोणपाटातून त्यांनी चिमूटभर रुई ओढली. दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून ती तोडली. एक भाग टाकला, दुसऱ्याचे बाहेर आलेले तंतू चिमटीनं ओढून आधीच्यांवर नीट बसवले. पुन्हा तोडले, पुन्हा बसवले. चार-पाच वेळा असं केल्यावर चिमटीत एक चपटी, सरळ, रेशमासारखी चकाकणारी पट्टी राहिली. ती त्यांनी पँटच्या काळ्या कापडावर ठेवली.

“एकोणतीस,” ते म्हणाले.

“मिलिमीटर?”

“हां. मशिनवर लावून बघा पाहिजे तर.”

शेजारच्या खोलीत यंत्र होतंच. त्यावर आता तंतूची लांबी, जाडी, ताकद, रंग असं सगळं मिनिटभरात छापून येतं आणि सौदा त्या कागदावर होतो. पण ट्रक दारात आला की ते गृहस्थ आधी हात घालतात, मग कागद वाचतात. “कागदाला ओलावा कळतो. पण वरच्या थरात चांगला माल आणि आत फरदडीचा, हे हाताला आधी कळतं,” असं त्यांचं म्हणणं. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा धरलेला हलका कापूस.

पुढच्या खोलीत बायका ओळीनं बसून मोकळ्या केलेल्या रुईतून घाण वेचत होत्या. टोपलीत काय काय जमलं होतं ते वाकून बघितलं. सुतळीचे तुकडे, खताच्या पिशवीचे पांढरे धागे, केस, कोंबडीचं पीस, रंगीत लुगड्याची चिंधी आणि गुटख्याच्या पुड्या. खताच्या पोत्याचा धागा सगळ्यात वाईट. रुईत तो दिसत नाही, सुतात कातला जातो, कापडात विणला जातो आणि रंगवल्यावर पांढराच्या पांढरा उठून दिसतो, कारण त्याला रंग धरत नाही. मग सगळा ताका बाद. “वेचणारी बाई घरचंच पोतं घेऊन जाती रानात,” एकजण मान वर न करता म्हणाली. “तिला दुसरं कोण काय देतंय?”

गाठींवर गावांची नावं होती. यवतमाळकडची, जळगावकडची, मराठवाड्यातली. काही गुजरातच्या, काही तेलंगणाच्या. यवतमाळ इथून सहाशे-सातशे किलोमीटर. विदर्भातली माणसं वर्षानुवर्षं म्हणत आली आहेत की कापूस आमच्याकडं आणि गिरण्या तुमच्याकडं. त्या गोदामात उभं राहिल्यावर ते म्हणणं खोटं आहे असं म्हणवत नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली तेव्हा मधला व्यापारी जाईल आणि शेतकऱ्याला भाव मिळेल, असं सांगितलं गेलं. व्यापारी काही काळ बाजूला झाला, पण कापूस कुठं कातायचा हे काही बदललं नाही. सहकारी गिरणीला भागभांडवल मिळवणारं राजकारण पश्चिम महाराष्ट्राकडं होतं. मी पुण्याचा, त्यामुळं हे लिहिताना थोडं अवघडतो, पण आहे ते आहे.

ही तक्रार मात्र सहकाराहून जुनी आहे. निपाणीच्या रस्त्यावर, तंबाखूच्या वखारी मागं पडत होत्या तेव्हा, तिचाच विचार चालला होता.

इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरण्या चालत होत्या अमेरिकेच्या कापसावर. गुलामांनी पिकवलेला तो कापूस त्यांच्या गरजेच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त होता. एकाच देशावर एवढं विसंबणं धोक्याचं, हे मँचेस्टरच्या कारखानदारांना कळत होतं. म्हणून १८५७ मध्ये त्यांनी कापूस पुरवठ्यासाठी एक मंडळी स्थापन केली आणि हिंदुस्थान सरकारच्या मागं तगादा लावला. त्यांचा डोळा ज्या थोड्या प्रदेशांवर होता त्यात धारवाड, बेळगाव हा आपला दक्षिण मराठा मुलूख होता. १८४० च्या दशकातच धारवाडला न्यू ऑर्लिन्सचं बी लावून बघितलं होतं आणि ते तिथं रुजलं. ‘धारवाड-अमेरिकन’ म्हणून तो माल लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जाई. देशी कापसाला व्यापारात ‘कुमठा’ म्हणत, कारण तो घाट उतरून कुमठा बंदरातून जायचा. बेळगावकडचा माल रामघाटानं वेंगुर्ल्याला उतरायचा. घाटाच्या वाटा म्हणजे काय, हे फोंड्यानं किंवा आंबोलीनं उतरलेल्या माणसाला सांगायला नको. बैलाच्या पाठीवर सैल बांधलेले बोजे, दिवसाच्या प्रवासानंतर उघड्यावर मुक्काम, दव आणि धूळ. बंदरात पोचेपर्यंत कापूस पिवळा पडायचा, मातीनं जड व्हायचा. आणि वजनात भर घालायला वाटेत मुद्दाम पाणी मारणारे, सरकी आणि माती मिसळणारेही होतेच.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेच्या बंदरांना वेढा पडला आणि तिकडचा कापूस थांबला. मग जो कापूस लिव्हरपूलचे व्यापारी नाक मुरडून घेत, तोच हवाहवासा झाला. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला. त्यामागं कारवार बंदर आणि कापसाचा रस्ता हेच कारण होतं. १८६३ मध्ये कापसातल्या लबाड्यांविरुद्ध मुंबई सरकारनं कायदा केला. इचलकरंजीच्या गोदामात चिमटीनं रुई ओढणारे ते गृहस्थ आणि त्या कायद्याखाली नेमलेले तपासनीस यांचा धंदा एकच. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंदांसारख्यांच्या शब्दावर बँका पैसे देत होत्या, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर कागदावरच अनेक पटींनी चढत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्या जुलैत मुंबईचा शेअर बाजारही आडवा झाला.

शेअरवाल्यांच्या दिवाळखोरीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. शेतकऱ्याचं काय झालं ते दहा वर्षांनी दिसलं. चढ्या भावाच्या दिवसांत सावकारानं हात सैल सोडला होता, सरकारनं नव्या पाहणीत सारा वाढवला होता. भाव उतरले, कर्ज आणि सारा राहिला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. दख्खनच्या दंग्यांना इतरही कारणं होती, पण त्यांच्या मुळाशी गेलात तर कापसाची ही उतरंड तुम्हाला भेटतेच.

गोकाकला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. जानेवारीत घटप्रभेला पाणी बेताचं, त्यामुळं बावन्न मीटरांचा तो धबधबा कड्यावरून दोन-तीन ठिकाणी उतरताना दिसतो. पावसाळ्यात तो अख्ख्या कड्यावरून कोसळतो. पण मला धबधब्यापेक्षा काठावरची गिरणी बघायची होती. झुलत्या पुलावरून नदी ओलांडली की ती अगदी समोर येते. फोर्ब्झ कंपनीनं १८८५ मध्ये हा उद्योग उभारला, १८८७ मध्ये गिरणी चालू झाली. पडत्या पाण्याच्या जोरावर चाती फिरवायच्या, ही मूळ कल्पना. फोर्ब्झ घराण्यातला पहिला माणूस १७६७ मध्ये मुंबईत व्यापाराला आला आणि या कंपनीनं पुढं कापूस विलायतेला पाठवण्यात मोठा पैसा मिळवला. कापूस बाहेर नेणाऱ्यांनीच नंतर कापसाच्या मुलखात गिरणी काढली. त्यांना हिशेब पक्का माहीत होता. शंभर मैल कच्चा माल नेण्यापेक्षा सूत नेणं स्वस्त, आणि पाणी फुकट.

पुलावर एक कुटुंब फोटो काढत होतं, गडहिंग्लजकडचं. बाईंनी मला विचारलं, “दादा, ती कसली बिल्डिंग म्हणायची?” कापसाची गिरणी म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. “अगं बया, हितं कुठनं आला कापूस?” त्यांचंही बरोबर होतं. हिडकल धरणाचं पाणी मिळाल्यापासून गोकाकच्या आसपासही ऊसच दिसतो.

कापूस दिसायला बैलहोंगलची वाट धरावी लागली. तिथं एका जिनाच्या आवारात पहिल्यांदा उघड्यावर कापसाच्या गंजी बघितल्या. ट्रॅक्टरमधून माल उतरत होता. मालक मराठी-कानडी दोन्ही सफाईनं बोलणारे. त्यांनी आत नेलं. दोन चामडी रूळ फिरत असतात, त्यांना लागून पोलादी पाती. रूळ तंतू ओढून नेतो, पातं सरकीला अडवतं, सरकी खाली पडते. एवढंच यंत्र, पण त्याची रांग लागलेली, आणि आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. खाली पडलेल्या सरकीत हात घालून बघितला, उबदार लागली. करड्या दाण्याला अजून मऊ लव चिकटलेली होती. धारवाडला एकेकाळी सरकारनं जिनांचा कारखाना चालवला, तो दातेरी चकत्यांच्या जिनांसाठी, कारण न्यू ऑर्लिन्सच्या कापसाला तीच लागत. देशी आखूड कापूस त्यात तुटायचा. जिन कुठलं, त्यावर माल कुठल्या नावानं विकला जाईल ते ठरायचं.

बाजूला प्रेस होता. दाबलेली गाठ बाहेर आली की तिला पट्ट्या घालतात आणि काट्यावर चढवतात. वजन एकशे सत्तर किलोच्या आसपास. भाव विचारला तर त्यांनी खंडीवर सांगितला.

“अजून खंडी?”

“अजून खंडीच. तीनशे छप्पन किलो.”

ही खंडी म्हणजे इंग्रजी अमदानीतले ७८४ पौंड, आणि त्या काळची मुंबईची गाठ तिच्या बरोबर निम्मी, ३९२ पौंडांची. दशमान आलं, गाठीचं वजन बदललं, बैलाच्या जागी रेल्वे आणि रेल्वेच्या जागी ट्रक आला, तरी रुईचा भाव आजही मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ठरवलेल्या मापावर सांगितला जातो. शेतकरी मात्र क्विंटलवर विकतो. त्याला रुईचा भाव ऐकून आपल्या कापसाचं काय होणार हे काढायचं तर खंडीचे किलो करायचे, उतारा धरायचा, सरकीचे पैसे वेगळे मांडायचे आणि जिनाचा खर्च वजा करायचा. मालकांनी हा हिशेब मला कागदावर करून दाखवला. पेन्सिल कागदावरून उचलली नाही. आवारात ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “ते सांगतील तो भाव.”

बैलहोंगलहून कटकोळ लांब नाही. तिथं जाऊन आलो. कोल्हापूर दरबारची आठवण सांगणारं कुणी भेटलं नाही. रानात जोंधळा, हरभरा आणि मधे वेचून झालेल्या कापसाच्या काटक्या उभ्या होत्या. कुमठा जात आता शोधावी लागते. तिच्यातून धारवाडच्या शेती खात्यानं काढलेले ‘जयवंत’, ‘जयधर’ हे वाण एकेकाळी या पट्ट्यात घरोघरी होते. २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाल्यावर त्यांचं क्षेत्र झपाट्यानं आटलं. आखूड धाग्याचा, पण कमी पावसात तग धरणारा तो कापूस होता. गिरण्यांना लांब धागा हवा, म्हणून तो गेला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा सौदा तोट्याचा ठरला असं माझं मत आहे, आणि ते बदलेल असं मला काही दिसलं नाही.

परतीच्या एस.टी.त मी कोल्हापूरच्या गिरणीचाच विचार करत होतो. ती बंद का पडली याची उत्तरं तयार असतात: जुनी यंत्रं, सरकारी महामंडळाचा कारभार, यंत्रमागाची स्पर्धा. ती सगळी थोडीथोडी खरी आहेत. पण आधी रूळ, मग पेठ, मग गिरणी या क्रमात जी अक्कल होती, ती नंतरच्या काळात कुणी वापरली नाही. कापूस कुठून, कोणत्या भावानं, कोणत्या वाटेनं येणार याचा विचार गिरणीच्या आधी करायचा असतो. ज्याच्या हातात वाट आणि माप, त्याच्या हातात नफा, हे फोर्ब्झला समजलं होतं आणि शाहू महाराजांनाही. ते पिकवणाऱ्याच्या हातात मात्र कधी पडलं नाही.

शाहू मिलचं स्मारक जेव्हा होईल तेव्हा त्यात महाराजांचा पुतळा असेल, ते योग्यच आहे. पण तिथं सरकी काढायचा एक हातरेचा, एक जुनी प्रेस आणि कुमठा कापसाचं एक बोंडही असायला हवं. तिथं येणाऱ्या मुलाला चिमटीत रुई धरून तंतू ओढून बघता यायला हवा. आणि त्यासाठी कागदही लागतील. कोल्हापुरातल्या जुन्या पेठेच्या, मिलच्या कामगारांच्या, आडत्यांच्या घरांत अजून वह्या, पावत्या, पगाराची कार्डं, गाठींचे शिक्के पडून असतील. दरबारी दप्तर पुराभिलेखागारात सुरक्षित आहे, घरातलं नाही. ज्यांच्याकडं असं काही आहे त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला घालू नये. शिवाजी विद्यापीठात शाहू संशोधन केंद्र आहे, तिथं नेऊन दाखवावं.